वीज जास्त येते हो!

वीज कमी येते अशी तक्रार करणाऱ्याच्या पाठीशी सगळा समाज उभा राहतो. वीज जास्त येते अशी तक्रार करणाऱ्याकडे मात्र तोच समाज, पगार फार झाला म्हणून रडणाऱ्याकडे बघावं तसा बघतो. हे मी वसईच्या पापडीतल्या आमच्या 'केवडा' इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून, पूर्ण अनुभवांती सांगतो आहे.

सुरुवात इंडक्शनच्या शेगडीने झाली. आमची आर्या पुण्याला नोकरी करते. तिने ती आईच्या वाढदिवसाला पाठवली. काळी, गुळगुळीत, आरशासारखी. मी तिच्या असा काही प्रेमात पडलो की तिसऱ्या दिवशी जुनी गॅसची शेगडी विनयाच्या भावाला, विरारला, मोठ्या मनाने देऊन टाकली. "निदान महिनाभर थांबा," असं विनया म्हणाली होती. बायकोचं असलं वाक्य नेमकं कधी आठवणार हे नवऱ्याला आधी कळत नाही. मला ते पाचव्या दिवशी आठवलं.

त्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि शेगडी टींटींटीं करून ओरडायला लागली. तिच्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती: ई-फोर. माहितीपुस्तिकेत बघितलं. 'विजेचा दाब मर्यादेपेक्षा जास्त. पुरवठा तपासा.'

पुरवठा तपासा! तीस वर्षं विम्याच्या कचेरीत मी दुसऱ्यांचे कागद तपासले. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही तपासायला सांगितलं नव्हतं. विनया भाजी तपासते, दूध तपासते, माझ्या शर्टाचे खिसे तपासते. माझ्या वाट्याला काही नव्हतं, आणि आता एक यंत्र मला हुकूम देत होतं. चहा न घेताच मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो आणि व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन आलो. स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये दोन्ही टोकं खुपसली आणि आकडा बघून ओरडलो, "विनया! दोनशे अडुसष्ट!"

ती हातातला पोळपाट टाकून धावत आली. तिला वाटलं माझा रक्तदाब.

"व्होल्टेज गं! दोनशे तीस हवं तिथे दोनशे अडुसष्ट आहे!"

"मग चहा होणार की नाही?" तिने विचारलं. विज्ञानाच्या इतिहासात अशा प्रश्नांमुळेच फार वेळ वाया गेला असणार.

त्या दिवसापासून मी एक वही केली. दर तासाला आकडा. सकाळी सातला दोनशे छत्तीस, चहा झाला. अकराला दोनशे सत्तर, आमटी अर्ध्यावर बंद. दुपारी दोनला दोनशे चौतीस, आमटी पूर्ण. चारला दोनशे बहात्तर, पोहे कच्चे. आम्ही भूक लागल्यावर जेवायचं सोडून व्होल्टेज उतरल्यावर जेवायला लागलो. गेल्या पंधरा दिवसांत घरातले तीन बल्ब का गेले तेही आत्ता कळलं. मी खूश होतो. घरात संकट असावं आणि त्याचा आकडा आपल्या हातात असावा, यापरतं सुख नाही.

बातमी पसरली तसा सल्ला सुरू झाला. सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावरचे नरहरीकाका उतरले. आमची इमारत त्यांच्या केळीच्या वाडीच्या जागेवर उभी आहे, त्यामुळे इमारतीत जे काही उगवतं त्यावर बोलायचा हक्क आपला आहे, असं ते समजतात.

"आमच्या वाडीवर पंप होता," ते म्हणाले, "तेव्हा व्होल्टेज इतकं कमी की मोटर नुसती गुणगुणायची. पाणी नाही, काही नाही, भजन. आणि तुम्हाला जास्त येतंय तर तक्रार करता? साठवून ठेवा!"

"कशात साठवू, काका?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले."

सोसायटीचे सेक्रेटरी संग्रामराव यांनी प्रकरण जास्त गांभीर्याने घेतलं, म्हणजे काहीच केलं नाही. "दिनानाथराव, तोंडी नको. लेखी द्या. कमिटीपुढे ठेवतो. कमिटी पुढच्या महिन्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण 'जास्त येते' असं लिहू नका हो. बाहेर कळलं तर शेजारची इमारत म्हणेल आम्हालाही द्या."

मी थेट वीज कार्यालयाचा नंबर फिरवला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, वीज गेली असल्यास एक दाबा, वीज कमी दाबाने येत असल्यास दोन दाबा, बिलाबद्दल तीन दाबा. जास्त येण्यासाठी काही दाबायची सोयच नव्हती. मी दोन दाबून दोन वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिकडच्या मुलाने "कमी येतंय ना?" असं विचारलं आणि मी "नाही, जास्त" म्हटल्यावर फोन ठेवला. मग मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन प्रत्यक्ष कार्यालयात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बिल जास्त आलंय?"

"बिल नाही. वीज."

"वीज जास्त वापरलीत?"

"वापरता येत नाहीये! जास्त येते म्हणून वापरता येत नाहीये!"

त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. शेजारच्या टेबलाने माझ्याकडे बघितलं. मग दोघांनी मिळून संगणकातली यादी वर-खाली केली. "काका, यात पर्यायच नाहीये. 'कमी दाब' टाकू का? माणूस येईल, बघून जाईल."

"पण तो कमी दाब शोधेल. त्याला सापडणार नाही. मग तो 'तक्रार निराधार' असं लिहून जाईल."

"हो, असं होतं," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. शेवटी 'इतर' या रकान्यात माझी तक्रार गेली. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला 'इतर' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

घरी येऊन मी वही उघडून बसलो. अकरा आणि चार. रोज अकरा आणि चार. असं काय होतं या वेळांना? मी डोळे मिटले आणि नाकाला उत्तर मिळालं. लोणी, व्हॅनिला, भाजलेलं अंडं. खालच्या मजल्यावरचा केक!

आमच्या बरोबर खाली ग्लोरियाबाई आणि एरॉलभाऊ राहतात. दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. येत्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि ग्लोरियाबाई तीन मजली केक करणार होत्या. पापडीतल्या निम्म्या लग्नांचे केक त्यांनी केले आहेत, पण स्वतःच्या लग्नात त्यांना केक मिळाला नव्हता. तो बांद्र्याहून आणला होता, आणि वसईला उतरल्यावर नवरदेवाचे काका दमून त्या खोक्यावर बसले. पन्नास वर्षं त्या बाईने ही गोष्ट हसत सांगितली. आता मात्र त्या रोज दोनदा सरावाचा केक भाजत होत्या.

मी वही काखेत मारून खाली गेलो. मनात वाक्य तयार होतं: 'ग्लोरियाबाई, तुमच्या ओव्हनमुळे आमच्या शेगडीला त्रास होतो.' दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलात, दिनानाथभाऊ. मीच वर येणार होते. तुमच्या त्या काळ्या शेगडीने माझा ओव्हन मारला."

"माझ्या शेगडीने?"

"मग कोणी? ती आली आणि माझा केक बसला. चाळीस मिनिटांचा केक दीड तास होत नाही. हे बघा." त्यांनी टेबलावरचा केक दाखवला. मधोमध तो असा खचला होता, की त्यात पाणी भरलं असतं तर मासे सोडता आले असते. "आमची वीज तुम्ही वर ओढता!"

"अहो, मला नकोय ती वीज! मी ती परत घ्या म्हणून कार्यालयात जाऊन आलो!"

"नकोय तर घेता कशाला?" आतून एरॉलभाऊ म्हणाले. ते कानाने अधू आहेत, पण भांडणाचं नेमकं वाक्य त्यांना ऐकू येतं.

माझा अपमान झाला होता. मी चोर ठरलो होतो, तेही नको असलेल्या वस्तूचा. पण रागावून जिना चढता चढता मी मधल्या पायरीवर थबकलो. त्यांचा ओव्हन तापत नाही. माझी शेगडी जास्तीने बंद पडते. दोन्ही एकाच वेळेला. म्हणजे ग्लोरियाबाई म्हणाल्या ते खरं तर नसेल? त्यांची वीज खरंच माझ्याकडे येत असेल तर?

विनयाला न सांगता दुसरा मीटर आणला. तो एरॉलभाऊंच्या हातात दिला आणि त्यांना त्यांच्या प्लगजवळ बसवलं. पहिला घेऊन मी माझ्या प्लगजवळ बसलो. दोन्ही घरांची दारं उघडी, विनया जिन्यात निरोप द्यायला उभी. ग्लोरियाबाईंनी ओव्हन चालू केला.

एरॉलभाऊ तरुणपणी चर्चच्या कार्यक्रमांत हाऊजीचे आकडे पुकारायचे. तो आवाज अजून शाबूत आहे. "एक... आठ... आठ! एकशे अठ्ठ्याऐंशी!"

माझ्याकडे दोनशे सत्तर.

"बंद करा!" मी ओरडलो. खालून पुकारा आला, "दोन... तीन... तीन! दोनशे तेहतीस!" माझ्याकडे दोनशे पस्तीस.

"चालू करा!" खालून, "एक... आठ... सात!" माझ्याकडे दोनशे एकाहत्तर!

तिसऱ्या मजल्यावरून नरहरीकाका ओरडले, "लाईन झाली का कोणाची?"

मी जिन्यात नाचलो. पंचावन्न पायऱ्यांच्या त्या जिन्यात आजवर फक्त गाद्या आणि फ्रिज चढवताना माणसं नाचली आहेत, पण मी आनंदाने नाचलो. खाली जेवढी कमी होत होती तेवढी वर जास्त होत होती. आमची दोन घरं विजेच्या तराजूची दोन पारडी झाली होती. मग मी आणखी एक शोध लावला. खाली ओव्हन चालू असताना वर इस्त्री आणि गिझर दोन्ही लावले, आणि पारडी समोरासमोर आली: त्यांच्याकडे दोनशे सोळा, माझ्याकडे दोनशे एक्केचाळीस. केक फुगला! ग्लोरियाबाईंनी खालून हाक मारली, "फुगला हो, फुगला!" आणि ज्या बाईने मला दोन-तीन तासांपूर्वी चोर म्हटलं होतं तिने केकचा पहिला तुकडा वर पाठवला.

पुढचे तीन दिवस मी त्या केकसाठी इस्त्री केली. खालून एरॉलभाऊंनी "ओव्हन!" असा पुकारा केला की वर मी इस्त्री तापवायची आणि विनयाने गिझर लावायचा. कपडे संपले, मग चादरी, मग पडदे. विनया म्हणाली, "तीस वर्षांत स्वतःचा एक रुमाल इस्त्री केला नाहीत, आणि शेजारणीच्या केकसाठी पायपुसणी करताय." मी म्हटलं, हे संशोधन आहे. ती म्हणाली, पायपुसणी आहेत.

शनिवार उजाडला. दुपारी तीनला खऱ्या केकचा सगळ्यात खालचा, सगळ्यात मोठा थर ओव्हनमध्ये गेला. मी उशीच्या अभ्र्यावर होतो. अचानक डोक्यावरच्या पंख्याचा आवाज बदलला. विमान उडायच्या आधी करतं तसा. खोलीतला दिवा पांढराफटक पेटला आणि फट्कन गेला. मी मीटरकडे बघितलं. तीनशे एक्केचाळीस.

"विनया, सगळे प्लग काढ! फ्रिज पहिला!" असं ओरडत मी अनवाणी जिना उतरलो. वरून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि नरहरीकाकांनी देवाचं नाव घेतलं. इमारतीचा मेन स्विच जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत आहे. खोलीला कुलूप आहे. कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात असते. आणि सेक्रेटरी त्या वेळी गास गावाला, मेहुण्याच्या शेतावर, वांगी आणायला गेले होते.

मी फोन लावला. "संग्रामराव, किल्ली!"

"येतोच की, अर्ध्या तासात. दोन किलो तुम्हाला पण घेऊ का?"

अर्ध्या तासात 'केवडा'मधला एकही फ्रिज, एकही टीव्ही शिल्लक राहिला नसता. मी त्या दाराकडे बघत उभा होतो. आयुष्यात मी कधी रांग मोडली नाही, तर दार कुठून मोडणार? तेवढ्यात ग्लोरियाबाई आल्या. हाताला पीठ, आणि त्या हातात नारळ सोलायचा कोयता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी मारते."

मी घेतला. कोयत्याच्या मागच्या बाजूने कडीवर पहिला घाव घातला तेव्हा डोळे मिटले होते. दुसरा उघड्या डोळ्यांनी घातला. कडी, तिचे खिळे आणि कुजलेल्या फळीचा मोठा तुकडा, सगळं खाली आलं. कुलूप तेवढं त्या कडीत बंदच राहिलं. मी आत घुसून मेनचा दांडा खाली ओढला आणि सगळी इमारत एकदम गप्प झाली. इतकी, की एरॉलभाऊंनासुद्धा ती शांतता ऐकू आली असावी, कारण ते बाहेर येऊन म्हणाले, "काय झालं?"

मग मी वीज कार्यालयाला फोन लावला आणि एक दाबलं. वीज गेली आहे. चाळीस मिनिटांत लाईनमन शिडी घेऊन हजर!

त्याचं नाव संकेत. त्याने आधी खोलीतली जोडणी तपासली, मग दारासमोरच्या खांबावर चढला आणि वरूनच शीळ घातली. खाली आला तेव्हा त्याच्या हातात काळा पडलेला, वितळलेला एक चिमटा होता. "न्यूट्रल," तो म्हणाला. "सगळ्या घरांची परतीची तार ती हीच. बरेच दिवस ढिली असणार, आज पूर्ण जळली. ती ढिली झाली की घरांची ओढाताण होते. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त. तुटली की मग चारशेपर्यंत जातं. मेन कोणी पाडला?"

"मी."

"वाचलात सगळे. दोन मिनिटांनी धूर निघाला असता." तो माझी वही चाळायला लागला. मी ती हळूच त्याच्या हातात दिली होती. "आकडे बरोबर घेतलेत, काका. पण हे काय? 'ओव्हन चालू, इस्त्री चालू, समतोल'?"

"हे मी स्वतः शोधून काढलं," मी म्हणालो. आवाजात अभिमान लपत नव्हता.

"पुन्हा काही शोधून काढू नका," तो म्हणाला. "ढिल्या तारेवर तुम्ही अजून भार टाकत होतात."

एवढ्या आनंदाच्या क्षणी एवढं बोलायची गरज नव्हती. पण मोठ्या माणसांच्या वाट्याला हे येतंच.

नवीन चिमटा बसला. मेन वर गेला. एरॉलभाऊंनी पुकारा केला, "दोन... तीन... शून्य!" माझ्याकडे दोनशे एकतीस. टाळ्या वाजल्या. आणि मग सगळ्यांना केक आठवला.

ग्लोरियाबाईंनी ओव्हन उघडला. बाहेरून करपलेला, आतून पातळ. त्या स्टुलावर बसल्या. पन्नास वर्षं लग्नातल्या केकची गोष्ट हसत सांगणारी ती बाई मी पहिल्यांदाच गप्प बसलेली बघितली. एरॉलभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाजारातून आणू," ते म्हणाले.

"अजिबात नाही," विनया दारातून म्हणाली. "अंडी किती लागतील?"

"दोन डझन," ग्लोरियाबाई पुटपुटल्या.

मी निघालो होतो. पहिल्या दुकानात एक डझन, दुसऱ्यात सहा, उरलेली सहा नरहरीकाकांच्या फ्रिजमधून, जो केवळ माझ्यामुळे अजून फ्रिज होता. विनया खाली लोणी फेटायला बसली. नरहरीकाका साखर मोजत होते आणि आपल्या वाडीवर केक कसे होत नसत ते सांगत होते. सहा वाजता थर ओव्हनमध्ये गेला आणि काचेसमोर आम्ही सगळे मुकाट उभे राहिलो. सामना चालू असताना एवढी माणसं एका पडद्यासमोर उभी असतात, पण इतकी गप्प नसतात. विसाव्या मिनिटाला तो कडेने सुटला, तिसाव्याला मधोमध वर आला, आणि वरच राहिला.

मी वर धावलो. शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं, बारा कप पाणी. खाली ओव्हन पूर्ण तापलेला. बटण दाबलं. टीं नाही, लाल अक्षरं नाहीत. पाणी खळखळून उकळलं, आणि मी सगळ्या इमारतीला चहा पाजला.

याच चहाच्या वेळी, अर्ध्या तासात येणारे संग्रामराव वांग्यांची पिशवी घेऊन परतले आणि मोडकं दार बघून जिन्यातच उभे राहिले. "सोसायटीची मालमत्ता!" ते म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांचा टीव्ही वाचला हेही सांगितलं. "ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण दार कोणत्या ठरावाने फोडलंत?"

रविवारी संध्याकाळी अंगणात मांडव होता. भुईगावहून ग्लोरियाबाईंची सगळी माहेरची मंडळी आली होती. मधोमध तीन मजली पांढरा केक, आणि त्याच्यावर कोणी बसू नये म्हणून एरॉलभाऊंनी दोन भाच्यांना पहाऱ्यावर ठेवलं होतं. केक कापायच्या थोडं आधी संग्रामराव माझ्याजवळ आले आणि सगळ्यांदेखत एक लिफाफा हातात दिला. सोसायटीच्या कागदावर नोटीस: 'दि. अमुक रोजी मीटर खोलीचे दार हत्याराने फोडल्याबद्दल खुलासा करावा.'

माझे कान तापले. पाहुणे बघत होते. इमारत वाचवल्याचं बक्षीस म्हणून हा कागद! मी तो खिशात घालणार तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या ग्लोरियाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "हत्यार माझं होतं. माझं नाव कुठे आहे?"

"तसं नाही, बाई..." संग्रामराव म्हणाले.

"आणि दुसऱ्या घावासाठी 'मार' असं मी ओरडलो होतो," नरहरीकाका तिकडून म्हणाले. हे धादांत खोटं होतं. ते तेव्हा देवघरातल्या फुटलेल्या दिव्यांच्या काचा गोळा करत होते.

"फ्रिजचा प्लग काढून मी यांना दार मोडायला मोकळं केलं," विनया म्हणाली. "माझंही नाव घाला."

एरॉलभाऊंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हात वर करत आहेत हे बघून त्यांनीही केला.

संग्रामरावांनी सगळ्यांकडे बघितलं, मग केककडे. ग्लोरियाबाईंनी नोटीस टेबलावर ठेवून सुरी उचलली, सगळ्यात खालच्या थराचा पहिला तुकडा कापला आणि त्यांच्यापुढे धरला. मग त्यांनी नोटीस घडी करून परत खिशात घातली आणि तुकडा घेतला.

"यात एकच नाव टाइप झालंय," तोंड भरलेलं असताना ते म्हणाले. "दुरुस्त करून आणतो."

तीन महिने झाले. दुरुस्ती अजून चालू आहे.